कसत आलो आहोत

इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ शाळेत सूत्र होऊन आला: हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. गो-वेन्ट-गॉन आम्ही पाढ्यांच्या चालीवर घोकायचो. हा काळ वापरायचा कधी? सर म्हणत, क्रिया पूर्ण झाली असेल तेव्हा. मग साध्या भूतकाळात ती अर्धवट राहते की काय, हे विचारायची प्राज्ञा नव्हती.

त्याची खरी ओळख झाली ती वकिलांसाठी भाषांतरं करू लागलो तेव्हा. कुळवहिवाटीची जुनी प्रकरणं हायकोर्टात गेली की तहसीलदारापुढचे जबाब, फेरफार, सातबारा सगळं इंग्रजीत लागे. जबाबात हमखास वाक्य असे, ‘सदर जमीन मी गेल्या बावीस वर्षांपासून कसतो.’ साधा वर्तमानकाळ. मराठीला त्यात काही खटकत नाही. जर्मन आणि फ्रेंचही अशा ठिकाणी वर्तमानकाळावरच भागवतात. इंग्रजी मात्र अडून बसते. ‘आय कल्टिव्हेट’ म्हटलं तर नुसता नित्यक्रम झाला, ‘आय कल्टिव्हेटेड’ म्हटलं तर जमीन सुटली. बावीस वर्षांपूर्वी धरलेला नांगर आजही हातात आहे, हे सांगायला ‘हॅव बीन कल्टिव्हेटिंग’च हवं.

आणि कुळकायद्यात सगळा खेळ काळाचाच. १९४८च्या कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कायद्याच्या अटींत बसणारं जे कूळ जमीन कसत होतं, ते खरेदीदार मानलं गेलं. ‘कसत होतो’, ‘कसतो’ आणि ‘कसत आलो’ यांत एकरांचा फरक पडू शकतो, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. ‘बापजाद्यांपासून कसत आलो आहोत’ असं तो आपणहून सांगतो.

इंग्रजीचे काही हट्ट मला आजही पटत नाहीत. ‘पाहुणे कालच आलेत’ आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘हॅव कम’च्या शेजारी ‘यस्टरडे’ बसत नाही, मग पाहुणे समोर चहा पीत बसलेले का असेनात! (अमेरिकेत तर ‘जेवलास का’ हेसुद्धा ‘डिड यू ईट’ म्हणून साध्या भूतकाळात उरकतात.)

आणखी एक अट विचित्रच. कर्ता सहसा हयात लागतो. लता मंगेशकरांनी अनेक भाषांत गायलं आहे, हे ६ फेब्रुवारी २०२२पर्यंत इंग्रजीत ‘हॅज संग’ होतं. त्यानंतर नुसतं ‘सँग’. आपण मात्र तुकोबांनी म्हटलंय, ज्ञानोबांनी लिहिलंय, असं आजही बेलाशक म्हणतो.

एका प्रकरणात अपील चालू असतानाच कूळ वारलं. वकिलांनी वारस रेकॉर्डवर घेतले आणि दुरुस्त प्रतिज्ञापत्र माझ्याकडे पाठवलं. जुन्या भाषांतरातलं एकेक ‘हॅज बीन’ काढून मी ‘हॅड बीन’ करत गेलो. शेवटच्या पानावर मुलांनी स्वतःचा परिच्छेद जोडला होता: वडिलांच्या पश्चात सदर जमीन आम्हीच कसत आलो आहोत. तिथे ‘वी हॅव बीन’ टाइप केलं आणि बाकीच्या पानांसारखेच त्या पानाचेही पैसे लावले.