माझे मार्क एक्स्पायर झाले

पोस्ट मोठी झालीय, आधीच सांगते. पण पीएचडीच्या मागे लागलेल्या पोरापोरींनी आणि त्यांच्या घरच्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात विद्यापीठात कागदपत्रं तपासायला गेले होते. यादीत नाव होतं, गाईड मॅडमनी होकार दिला होता, विषयही ठरला होता. काउंटरवरच्या सरांनी माझं नेटचं मार्कपत्र उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्याची मुदत संपली की. नवीन स्कोअर आणा."

आता मुदत म्हणजे काय, ते सांगते. मार्च 2024 मध्ये यूजीसीने ठरवलं की पीएचडीसाठी प्रत्येक विद्यापीठाची वेगळी परीक्षा नको, नेटचेच मार्क धरायचे. ऐकायला किती छान! नेटमध्ये तीन कॅटेगरी झाल्या. पहिलीत जेआरएफ, दुसरीत सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, तिसरीत फक्त पीएचडी. दुसऱ्या-तिसऱ्यातल्यांना 70 टक्के वजन नेटला, 30 टक्के मुलाखतीला. आणि हे मार्क पीएचडीसाठी एकच वर्ष चालणार. मी तिसरीतली.

त्या वर्षीची नेट आठवते ना? 18 जून 2024 ला नऊ लाखांहून जास्त मुलांनी पेपर दिला आणि दुसऱ्या दिवशी परीक्षाच रद्द झाली. मी आदल्या रात्री एसटीने जाऊन मैत्रिणीच्या होस्टेलवर झोपले होते (अर्धं तिकीट, तेवढं बरं). फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात, निकाल 17 ऑक्टोबरला. तिथून माझं घड्याळ सुरू झालं.

विद्यापीठाचं घड्याळ मात्र वेगळं. जाहिरात आली जानेवारीत. फॉर्मची फी दीड हजार, परत मिळणार नाही. विषयवार किती जागा, कोणत्या गाईडकडे किती रिकाम्या, काही नाही. 2022 च्या नियमाने प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी चालतात. म्हणजे रिकाम्या जागा मोजायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. तरी ती यादी आमची फी जमा झाल्यावर सहा महिन्यांनी लागली.

मध्ये 31 मार्च गेला आणि माझं नॉन क्रिमीलेअर संपलं. नेटला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, इथे राज्याचं, त्यामुळे माझ्याकडे दोन दाखले. परत तलाठी भाऊसाहेबांकडून उत्पन्नाचा अहवाल, परत सेतू, परत तहसील. मी तासिका तत्त्वावर शिकवते. तास बुडाला की पैसे बुडाले. त्यातून आणखी दोन विद्यापीठांचे फॉर्म भरले होते. एकाच्या पोर्टलवर नेटचे मार्क टाकायला रकानाच नव्हता. दुसऱ्याकडे इतिहासात आमच्या प्रवर्गाला जागाच नव्हती, हे फी भरल्यावर कळलं.

मुलाखत सप्टेंबरात झाली. यादी लागली नोव्हेंबरात. 17 ऑक्टोबरला माझं वर्ष भरलं होतं.

मी म्हटलं, "सर, अर्ज केला तेव्हा स्कोअर चालू होता, मुलाखतीलाही चालू होता. उशीर तुमच्याकडून झाला." ते म्हणाले, "नियम आमचा नाही, वरचा आहे." माणूस वाईट नव्हता, पाणीही विचारलं. लेखी द्या म्हटलं, तर तेवढं मात्र जमलं नाही.

नापास झाले असते तर गप्प बसले असते, खरंच. पण एक वर्षाची मुदत लावायची आणि प्रवेश कधीपर्यंत पूर्ण करायचा, ह्याला कुणालाच मुदत नाही, हा कुठला हिशोब? सिनेटवरचे कुणी ही पोस्ट वाचत असतील तर दोनच गोष्टी विचारा. अर्जाच्या शेवटच्या तारखेला चालू असलेला स्कोअर प्रवेशापर्यंत का धरत नाही? आणि रिकाम्या जागांची यादी फी घेण्याआधी का लावत नाही? ज्यांच्यासोबत असं घडलंय त्यांनी कमेंटमध्ये फक्त विषय आणि तारखा लिहा. मी एकत्र अर्ज करणार आहे.

नेटचा फॉर्म परत भरेन. इलाज नाही. पण माझा विषय थांबणारा नाही. 1972 च्या दुष्काळात आमच्या भागात खडी फोडायला गेलेल्या, कामावर सुकडी खाल्लेल्या बायकांच्या मुलाखती मला घ्यायच्या आहेत. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. फॉर्म भरला तेव्हा माझ्या वहीत चौदा नावं होती, आता बारा आहेत.

म्हणून रविवारपासून मोबाईलवरच रेकॉर्डिंग सुरू केलंय. पहिल्याच आजींनी दीड तास सांगितलं आणि निघताना विचारलं, "बाई, त्या कामाचे राहिलेले पैसे येणारेत का आता?"