नाव कुणाचं?

बँकेत अडतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कुणी घर तारण ठेवायला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "नाव कुणाचं?" बापाचं असेल तर भावांच्या सह्या आणा, मयताचं असेल तर वारसदाखला आणा. वकिलाचा सर्च रिपोर्ट हातात आल्याशिवाय माझ्या टेबलावरून फाइल हलायची नाही. स्टाफमधली पोरं माझ्या पाठीमागे मला 'टायटल क्लिअर' म्हणायची. मला माहीत होतं आणि आतून बरंही वाटायचं.

तोच मी घरच्या धंद्यात कसा तोंडघशी पडलो, ते आज लिहितो.

आम्ही मूळचे जळगावकडचे. १९८१ ला बदलीवर सुरतेला आलो आणि इथलेच झालो. आमच्या हिचा खानदेशी काळा मसाला आधी सोसायटीत, मग गणपतीतल्या ओळखींतून उधना, लिंबायतपर्यंत जायला लागला. २०१० ला मी रिटायर झालो आणि तिचा बिनपगारी कारकून झालो. पावत्या, कुरिअर, हिशेब. मसाल्याला हात लावायची परवानगी अजून नाही.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला. पुण्या-नाशिकला माल पाठवायचा तर नंबर घ्यावा लागला. अन्नपदार्थांचं रजिस्ट्रेशन होतंच. पुण्याहून मुलगी म्हणाली, "बाबा, सगळं कायदेशीर आहे, मग आता वेबसाइट करून टाका. लोक फोनवर ऑर्डर द्यायला कंटाळतात."

तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांचा मुलगा हेच काम करायचा. डोळ्यांदेखत वाढलेलं पोरगं. त्याने पंचवीस हजार सांगितले. मी चौदावर आणलं. घरचाच तर आहेस, म्हटलं. कागद-बिगद काही केला नाही. बाहेरच्या पार्टीकडून मी पन्नास रुपयांचाही व्यवहार तोंडी केला नसता.

काम मात्र त्याने मन लावून केलं. मी त्याला 'मजकूर' लिहून दिला, "सदर मसाला उत्तम प्रतीच्या घटकांपासून तयार करण्यात येतो." तो वाचून ही म्हणाली, "अहो, ही काय कर्जवसुलीची नोटीस आहे का?" मग तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पोराने नेटवरून घेतलेला मसाल्याचा फोटो टाकला तर ही भडकलीच. "हा गरम मसाला आहे. आपला काळा कुठंय? दगडफूल, खोबरं काहीच दिसत नाही." शेवटी तिचं पितळी ताट गच्चीवर नेलं, त्यात धणे, भाजलेलं खोबरं, दगडफूल मांडलं आणि सकाळच्या उन्हात त्याने मोबाइलवर फोटो काढले. आजही साइटवर तेच आहेत. पैसे ऑनलाइन घ्यायचे तर माल परत घेण्याचे, पैसे परत देण्याचे नियमही साइटवर लिहावे लागतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. ते नियम मात्र मी बँकेच्या भाषेत लिहिले आणि तिथे ती शोभली. मी बदल किती सांगितले विचारू नका. अक्षर मोठं कर, पिवळा कमी कर, परत जास्त कर. तो प्रत्येक वेळी एकच म्हणायचा, "काका, तमे टेन्शन ना लो. थई जशे."

दिवाळीआधी साइट सुरू झाली. पुढच्या वर्षभरात ऑर्डरी दुप्पट झाल्या. नागपूर, बेळगाव, कुठून कुठून लोक मागवायला लागले. पोरगा २०१८ च्या सुरुवातीला शिकायला कॅनडाला गेला.

ऑक्टोबर २०१८. दिवाळी ७ नोव्हेंबरची. भाजणीची मोठी ऑर्डर तोंडावर, घरात दोन बायका मदतीला लावलेल्या. नाशिकहून एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "काकू, तुमचं पान उघडत नाही. तिथे भलत्याच जाहिराती दिसतात." मी जवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "साहेब, डोमेनची मुदत संपलीय. ज्याच्या नावावर आहे त्यालाच रिन्यू करता येईल. जास्त दिवस गेले तर दंड लागेल, आणि तरीही नाही भरलं तर दुसरा कुणीही घेऊ शकतो." मग त्याने मला समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. डोमेन म्हणजे प्लॉट, तोही फ्रीहोल्ड नाही, मुदतीचा भाडेपट्टा. होस्टिंग म्हणजे त्यावरची भाड्याची खोली. साइट म्हणजे आतलं सामान. सामान आमचं होतं. प्लॉट?

"नाव कुणाचं आहे, साहेब?"

हा प्रश्न अडतीस वर्षं मी लोकांना विचारला होता. मला उत्तर देता आलं नाही. त्याने बघून सांगितलं, पोराच्या नावावर आहे.

माझं डोकं फिरलं. फोन लावला तर पोराचा जुना नंबर बंद. तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि त्याच्या वडिलांना नको ते बोललो. तुमच्या मुलाने आमच्या धंद्याचं नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं, याला फसवणूक म्हणतात, असंही म्हणालो. ते दारातच उभे होते. एवढंच म्हणाले, "हुं वात करुं छुं." दार हळू लावलं.

इथे एक सांगायला हवं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि अडाजण बुडालं, तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. घरात माणूसभर पाणी. पाच दिवस आम्ही याच माणसाच्या घरात राहिलो, त्यांच्याच पिठाच्या भाकऱ्या खाऊन.

रात्री अकराला साइट परत सुरू झाली. तिकडे तेव्हा दुपार. वडिलांचा फोन गेल्यावर पोराने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले होते. हजाराच्या आतली रक्कम. सूचनेचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होते आणि नव्या देशाच्या धावपळीत तो ते बघतच नव्हता. पाठोपाठ त्याने मला व्हॉट्सॲपवर फक्त एक जुना मेसेज पुढे पाठवला. सप्टेंबर २०१७ चा, त्याने मला लिहिलेला: "काका, डोमेन काकीच्या नावाने घ्यायचंय. तिचा ईमेल बनवा, ओटीपी लागेल. तिसऱ्यांदा सांगतोय." आणि खाली माझं उत्तर: "आत्ता वेळ नाही. तुझ्या नावाने घेऊन टाक. आपलं काय वेगळं आहे का?"

ते मीच लिहिलं होतं. वर अंगठाही दाखवला होता.

हिला मेसेज वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चकल्यांचा पहिला घाणा निघाला, तेव्हा डबा भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी येणार नाही." जिना चढायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता. शेजाऱ्यांनी चहा केला. मी माफी मागितली तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि चकलीत तीळ जास्त आहेत का, ते विचारलं.

महिनाभरात पोराने कॅनडातून कोड पाठवून डोमेन हिच्या खात्यात वळतं केलं. हिच्या नावाने ईमेल काढला तो मीच, दोन तास खपून. फोनवर पोरगा हसत म्हणाला, "काका, हवे पासवर्ड लखी लेजो." लिहून ठेवला आहे, लॉकरमध्ये, मुदत ठेवींच्या पावत्यांसोबत. त्याचे राहिलेले अकरा हजारही पाठवले. त्याने दोनदा परत केले, तिसऱ्यांदा ठेवून घेतले.

एकदम जास्तीत जास्त किती वर्षांचे पैसे भरता येतात, ते विचारलं. दहा, म्हणाला. सगळे भरून टाकले. आता मुदत २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत आहे. ही म्हणाली, "तेव्हा तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे व्हाल. रिन्यू कोण करणार, ते आत्ताच ठरवा."