बिसलीची माशी

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर गाडीत बसून ब्रुकवुडला उतरले, की बिसली जवळच. १८९० पासून हे इंग्लंडातल्या नेमबाजांचे पंढरपूर! २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या अंजली भागवतांनी चार सुवर्णपदके मिळवली, ती इथेच. लंडनला राहणाऱ्या माझ्या भाचीला हाच नाद. तिच्या गोळ्या कुठे लागतात, हे सांगायचे काम त्या दिवशी मी हौसेने अंगावर घेतले.

दुर्बीण मीच भेट दिलेली. वीसपासून साठपटीपर्यंत मोठे दाखवणारी. भोक जेमतेम साडेपाच मिलिमीटरचे, शंभर यार्डांवर, तेही काळ्या वर्तुळात! मी सरळ साठावर नेली. ऊन चढले तसा कागद पाण्यात बुडाल्यासारखा थरथरू लागला. तापलेल्या हवेची थरथरही साठपटच होते, हे कुणाच्या ध्यानात! शिवाय साठ मिलिमीटरच्या भिंगातून साठपट पाहिले, की डोळ्यात एक मिलिमीटरचीच प्रकाशशलाका येते. सारे अंधुक.

पहिला बार झाला. "डावीकडे लागली!" मी ठणकावून सांगितले. तिने नेम उजवीकडे सरकवला आणि पाच गोळ्या झाडल्या. तेवढ्यात माझे डावीकडचे भोक चालू लागले. माशी! बंदुकीवरची नव्हे, खरीखुरी.

"मामा, वीसावर आणा ना," ती म्हणाली. रागावली नाही, हेच अधिक लागले.

वीसावर आणताच कागद उजळला, थरथर निवली. एक भोक अगदी मधोमध होते. बाकीची पाच उजवीकडे, एकमेकांना चिकटून. मी मुकाट्याने मोजून सांगितली.