डॅन्यूबकांठचा मित्रोपा चषक

युरोपांतील डॅन्यूब नदी आपल्या गोदावरीप्रमाणें अनेक प्रांतांस पाणी पाजीत जाते. व्हिएन्ना व बुडापेस्ट हीं दोन मोठीं शहरें तिच्या कांठीं आहेत. प्राग त्यांच्या वायव्येस. सन १९१८ पर्यंत हीं तिन्ही शहरें एकाच हॅब्सबर्ग सम्राटाच्या छत्राखालीं नांदत होतीं. महायुद्धाच्या अखेरीस तें साम्राज्य मोडलें आणि एका वाड्याच्या वाटण्या व्हाव्या तशीं त्याचीं अनेक राज्यें झालीं. वाटणीनंतर भाऊ एकमेकांच्या अंगणांत पाऊल टाकीत नाहींत, पण मुलें मात्र भिंत ओलांडून खेळावयास जमतात, हा अनुभव आपल्याकडील वाड्यांना नवा नाहीं. मध्य युरोपांतहि कांहीं काळ तसेंच घडलें. त्या खेळाच्या खुणा आम्हीं व्हिएन्ना येथील वास्तव्यांत पाहिल्या; त्यांची हकीकत येथें सांगत आहों.

व्हिएन्नास जाणारा प्रवासी बहुधा राजप्रासाद व संगीतकारांचीं घरें पाहून परततो. परंतु एके काळीं येथील कॉफीगृहांत फुटबॉलच्या खेळावरहि मोठा खल होत असे. जुन्या शहरास वेढणाऱ्या रुंद राजमार्गावर 'रिंग-कॅफे' नांवाचें कॉफीगृह होतें. तेथें हूगो माइस्ल या गृहस्थाची नित्याची बैठक असे. सन १८८१ मध्यें बोहेमियांतील एका यहुदी कुटुंबांत त्याचा जन्म झाला. तो व्हिएन्नांत येऊन पेढीवर नोकरीस लागला, अनेक भाषा शिकला आणि पुढें ऑस्ट्रियाच्या फुटबॉल-मंडळाचा चिटणीस झाला.

ऑस्ट्रियांत सन १९२४ मध्यें, चेकोस्लोव्हाकियांत १९२५ मध्यें आणि हंगेरींत १९२६ मध्यें वेतन घेऊन खेळण्याची रीत उघडपणें मान्य झाली. खेळाडूंस वेतन द्यावयाचें तर तिकिटांचें उत्पन्न पाहिजे, आणि तें घरच्याच संघांच्या सामन्यांवर भागेना. तेव्हां शेजारच्या राज्यांतील उत्तम क्लबांना एकत्र आणण्याची कल्पना माइस्लनें पुढें मांडली. प्रत्येक जोडीचे दोन सामने व्हावे, एक याच्या गांवीं, एक त्याच्या गांवीं. आणि दोन्हींतील गोलांची बेरीज करून जय ठरवावा, असा नियम झाला. मध्य-युरोप या अर्थाच्या जर्मन शब्दाचा संक्षेप करून या स्पर्धेस 'मित्रोपा चषक' असें नांव पडलें. व्युत्पत्तीनें पाहतां 'मित्र' शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तथापि संस्कृताची संवय असलेल्या आमच्या कानांस तो लागल्यावांचून राहिला नाहीं.

सन १९२७ च्या आगस्टांत पहिले सामने झाले. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया व युगोस्लाव्हिया या चार देशांचे प्रत्येकीं दोन क्लब त्यांत होते. अखेरच्या जोडींत प्रागच्या स्पार्टानें व्हिएन्नाच्या रॅपिडवर घरीं ६ विरुद्ध २ असा जय मिळविला. व्हिएन्नांत रॅपिडनें २ विरुद्ध १ अशी सरशी केली, तरी बेरजेनें चषक स्पार्टास गेला. सन १९२९ पासून युगोस्लाव्हियाच्या जागीं इटलीचे क्लब येऊं लागले.

हे सामने अगदीं शांततेनें पार पडत, असें मात्र कोणी समजूं नये. सन १९३२ मध्यें प्रागचा स्लाव्हिया व तुरिनचा जुव्हेंटस यांची गांठ पडली. प्रागमध्यें स्लाव्हियानें ४ विरुद्ध ० असा जय मिळविला. तुरिन येथें परतीच्या सामन्यांत स्लाव्हियाचा गोलरक्षक प्लानिच्का यास प्रेक्षकांतून आलेला दगड लागला व त्याचा संघ मैदान सोडून गेला. मंडळानें दोघांसहि बाद ठरविलें आणि अखेरचा सामना न होतांच चषक बोलोन्याच्या हातीं आला. सन १९३७ मध्यें व्हिएन्नाचा अॅडमिरा व इटलीचा जेनोआ यांच्यांत व्हिएन्ना येथेंच मारामारी झाली. परतीचा सामना आपल्या भूमीवर होण्यास इटलीच्या सरकारनेंच मनाई केली. हेहि दोन्ही संघ बाद झाले. येथें प्रथम पंचाच्या शिटीपेक्षां सरकारचा हुकूम वरचढ ठरला.

व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानांतून चेस्टनट वृक्षांच्या छायेखालून एक लांब सरळ रस्ता जातो. त्याच्या जवळच सन १९३१ मध्यें उघडलेलें मोठें क्रीडांगण आहे. आज तें अर्न्स्ट हॅपेल या प्रसिद्ध फुटबॉल-शिक्षकाच्या नांवानें ओळखलें जातें. सन १९३३ मध्यें 'ऑस्ट्रिया' नांवाच्या क्लबाच्या माथियास झिंडेलारनें याच मैदानावर तीन गोल करून मिलानच्या संघाकडून मित्रोपा चषक खेंचून आणला. सन १९३८ च्या मार्च महिन्यांत हिटलरच्या जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केली. वेतनी फुटबॉल बंद झालें. सन १९२५ मध्यें देशाचें अजिंक्यपद मिळविणारा यहुदी लोकांचा हाकोआ क्लब मोडण्यांत आला. आणि ज्या शहरीं या स्पर्धेची कल्पना निघाली त्याच शहराचे क्लब तींतून नाहींसे झाले. माइस्ल सन १९३७ मध्येंच वारला होता, म्हणून हें पाहणें त्याच्या नशिबीं आलें नाहीं. सन १९३९ च्या सप्टेंबरांत याच क्रीडांगणाच्या सज्जांखालीं एक हजारांवर यहुदी पुरुषांस कोंडून ठेवून पुढें बुखेनवाल्डच्या छळछावणींत पाठविलें. आतां तेथें त्यांच्या स्मरणार्थ एक फलक आहे.

तेथून आम्ही बेल्व्हेडियर प्रासादाकडे वळलों. सॅव्हॉयच्या यूजीन या सेनापति राजपुत्रासाठीं बांधलेलें हें स्थान आज चित्रसंग्रहालय आहे, आणि क्लिम्टचें 'चुंबन' हें चित्र पाहण्यास लोक दुरून येतात. फुटबॉलशीं या वास्तूचा काय संबंध, असें वाचक विचारतील. सन १९३८ च्या सप्टेंबरांत स्लाव्हियानें बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोश क्लबास हरवून चषक जिंकला. त्याच महिन्याच्या अखेरीस म्यूनिकचा करार होऊन चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडण्यास आरंभ झाला, आणि २ नोव्हेंबर रोजीं या प्रासादांत जर्मनी व इटली यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं दक्षिण स्लोव्हाकियाचा पट्टा हंगेरीस देऊन टाकला. सन १९४० मध्यें अखेरच्या जोडींत फेरेन्त्सवारोश व बुखारेस्टचा रॅपिड हे आले. झाग्रेबच्या संघाशीं तीन वेळां बरोबरी झाल्यावर चिठ्ठ्या टाकून रॅपिडचें नशीब उघडलें होतें. परंतु तोंवर ट्रान्सिल्व्हानियावरून हंगेरी व रुमानिया यांच्यांत तलवारी उपसण्याची वेळ आली होती. ३० आगस्ट १९४० रोजीं याच प्रासादांत दुसरा निवाडा होऊन उत्तर ट्रान्सिल्व्हानिया हंगेरीस मिळाला. तो ऐकून रुमानियाचे परराष्ट्रमंत्री मूर्च्छित पडले. अखेरचा सामना झालाच नाहीं. त्या वर्षाच्या नोंदींत विजेत्याचें नांव नाहीं.

द्यूतानें राज्य बुडाल्याची कथा आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. येथें राज्यांच्या द्यूतांत खेळ बुडाला. आम्हांस विशेष वाटलें तें हें कीं, दगड पडले, मारामाऱ्या झाल्या, संघ बाद झाले, तरी पुढील उन्हाळ्यांत सामने पुन्हां सुरू होत. मैदानावरच्या भांडणांस पंच होता, मंडळ होतें, आणि भांडणाऱ्यांना पुढच्या वर्षीं पुन्हां एकमेकांच्या गांवीं जावयाचें होतें. ज्या भांडणाचा निवाडा प्रासादांत, दुर्बळास न विचारतां झाला, त्यानें मात्र हा चषक मोडला. खेळानें युद्ध टळतें, असें म्हणणारे भोळे होत. पण म्हणून खेळ निरर्थक, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. तेरा वर्षें या शहरांतील हजारों लोक शेजाऱ्यांच्या खेळाडूंचीं नांवें मुखोद्गत ठेवीत होते, हें कांहीं थोडें नव्हे.

महायुद्धानंतर सन १९५५ मध्यें चषक पुनः सुरू झाला, पण त्याच वर्षीं सर्व युरोपच्या विजेत्या क्लबांची नवी मोठी स्पर्धा निघाल्यानें त्याचें तेज उतरलें. अखेरचा विजय सन १९९२ मध्यें बोस्नियांतील बान्या लुका येथील बोराक या क्लबानें मिळविला, आणि त्या वेळीं त्याच्या स्वतःच्या देशांत युद्ध पेटलेलें होतें. चषक गेला, पण एक सामना तुझ्या गांवीं व एक माझ्या गांवीं हा त्याचा नियम युरोपच्या मोठ्या स्पर्धेंत आजहि चालू आहे. पाहुण्यास बोलवावें आणि मग आपणहि त्याच्याकडे जावें, एवढीच त्यांतील गोष्ट. ती ज्यांना साधली त्यांचा खेळ टिकला.