मुलूख गोंडांचा, बोली झाडीची

पेक्वाट हे नाव मला अमेरिकेच्या इतिहासात भेटलं. आजच्या कनेक्टिकटमधली ही जमात. १६३७ साली इंग्रज वसाहतवाल्यांनी मिस्टिक नदीजवळचं त्यांचं गाव माणसांसकट जाळलं. पुढच्याच वर्षी हार्टफर्डच्या तहात उरलेल्यांची वाटणी झाली आणि यापुढे कुणी स्वतःला पेक्वाट म्हणवायचं नाही, अशी अट घातली गेली. चक्क नावावर बंदी! नागपूरच्या एका मित्राला हे रंगवून सांगत होतो. तो म्हणाला, "इतक्या लांब कशाला? अर्जुनी मोरगावला जा. तिथं गोंडांचं नाव शाबूत आहे, भाषा सापडते का बघ."

गोंदिया–बल्लारशाह मार्गावर अर्जुनी स्टेशन लागतं. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, मधेमधे बोड्या, म्हणजे छोटी तळी. मुक्कामाच्या लॉजबद्दल न बोललेलंच बरं. नळाला पाणी नव्हतं आणि मच्छरदाणीत मच्छर आधीच मुक्कामाला होते.

नवेगावबांधचं राष्ट्रीय उद्यान, पक्षी, इटियाडोह धरण, सगळं भरभर उरकलं. थांबलो ते नवेगावच्या तलावाच्या पाळीवर. डोंगरांच्या मधल्या फटी बांधून हे पाणी अडवणारा कोलू पाटील कोहळी. या भागातले तलाव बहुतेक कोहळी समाजाने बांधले, आणि चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनी दिल्या, असं परंपरा सांगते. आमचा वाटाड्या कोलू पाटलाबद्दल अर्धा तास बोलला. राजाचा विषय काढला, तर म्हणाला, "राजा गोंड होता जी." बस, एवढंच.

रात्री डास मारत रसेल आणि हिरालाल यांच्याशी भांडत बसलो. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा त्यांचा १९१६ चा ग्रंथ. 'गोंड' हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं, ही माणसं स्वतःला कोइतूर म्हणतात, हे ते नीट नोंदवतात. मग त्या परक्या नावाच्याच मुळाशी जात बसतात. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम म्हणतो गौड देशावरून, नागपूरचा मिशनरी हिस्लॉप म्हणतो तेलुगूतल्या 'कोंडा'वरून, म्हणजे डोंगरावरून. अहो, शेजाऱ्याने मारलेली हाक कुठून आली याचा एवढा काथ्याकूट, आणि घरातलं नाव एका वाक्यात? हिस्लॉपवर मात्र फार रागावता येत नाही. गोंडांच्या पुराणपुरुषाची, लिंगोची कथागीतं त्यानं उतरवून घेतली. १८६३ साली तो बुडून मेल्यावर रिचर्ड टेंपलने त्याची टिपणं छापली, म्हणून ती आपल्या हाती आली.

सकाळी एका टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, एक म्हातारे गृहस्थ भेटले. गोंडी येते का, विचारलं. "बुडीले येत होती. आमाले झाडीचीच येते." झाडीची, म्हणजे इथली मराठी बोली. पण आडनाव सांगताच त्यांनी आपण किती देवांचे, हेही सांगितलं. चार, पाच, सहा, सात देव. सारख्या देवांच्या घरात सोयरीक होत नाही. भाषा गेली तरी हा हिशेब त्यांना तोंडपाठ! गोंडीतले आकडे आठवतात का म्हटल्यावर 'मूंद', 'नालूंग' असे तीन-चार ओळखीचे निघाले. तेलुगूतल्या मूडु, नालुगु यांची ही सख्खी भावंडं. शेतातला माणूस द्राविडी कुळाचा पुरावा सहज बोलून गेला.

माझ्या मनात एव्हाना शोकगीत तयार होऊ लागलं होतं. मोहिगन-पेक्वाट भाषा बोलणारी शेवटची बाई, फिडेलिया फील्डिंग, १९०८ साली गेली. तिच्या रोजनिशीची पानं उरली. पण इथं तो सूर खोटा ठरतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख होते. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली घडवलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. गडचिरोलीच्या मोहगावात ग्रामसभेनं गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. आणि निम्म्या संख्येची बोडो भाषा २००३ च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत बसली, गोंडी अजून बाहेर उभी आहे.

पेक्वाटांचं नाव पुसायला तह करावा लागला. आपल्याकडे नाव ठेवलं, जिल्ह्याजिल्ह्यात किल्ले दाखवले, आणि शाळेत गोंडी शिकवायची तेवढी राहून गेली. अर्जुनीच्या म्हाताऱ्याला चार आकडे आठवले, तेव्हा त्याचा नातू पलीकडे मराठीत पाढे म्हणत होता. त्याला पाचवा आकडा सांगायला मास्तर हवा, संग्रहालय नव्हे.