गोळी घेतली का?

हॉस्टेलवरून दर रविवारी सटाण्याला दादाला फोन करायचो. पहिला प्रश्न ठरलेला : "गोळी घेतली का?" दादाला बायपोलर आहे. कधी महिनाभर अंथरुणातून उठवत नाही, तर कधी दोन तास झोपूनही अंगात वारं भरतं. मागे एकदा रात्री २ वाजता फोन! डाळिंबाची बाग उपटून हॉटेल टाकायचं म्हणे. मी पडलो इंजिनिअर, आकडे मांडून वाद घातला. तो आणखीच भडकला. पुढच्या चार दिवसांत घरच्यांचं काय झालं ते लिहीत नाही.

दिवाळीत देवमामलेदारांच्या मंदिरातून परतताना तो मस्त हसत होता. कांद्याला भाव मिळाला होता ना! मी सवयीने विचारलं, "दादा, गोळी घेतली ना?"

तो थांबला. "हसलो तरी गोळीच का रे?"

काय बोलणार! रात्री ओट्यावर त्यालाच विचारलं, मग बोलू कसं? "चढलेलो असलो की वाद नको घालू. हळू बोल, पैशांचं उद्यावर ढकल, वहिनीला नि डॉक्टरांना कळव. पडलेलो असलो की 'टेन्शन नको घेऊ' म्हणू नको, नुसता फोनवर थांब. मरावंसं वाटतं का, तेही सरळ विचार. आणि झोपेचं विचारत जा."

लिथियमची पातळी रक्ततपासणीत कळते. उडालेली झोप मात्र आधी घरच्यांनाच दिसते. (अडीअडचणीला २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' आहे : १४४१६, चोवीस तास, मराठीतही.)

आता रविवारी आधी कांद्याचा भाव विचारतो, मग झोप. परवा म्हणाला, "साडेसहा तास. घे लिहून, इंजिनिअर!"