शब्दांची पेरे

वऱ्हाडात दिवाळीचे दिवस म्हणजे कापसाच्या वेचणीचे दिवस. शेतात सीतादही होते, काळ्या जमिनीवर पांढरी बोंडे उमलतात आणि शिक्षणासाठी परगावी गेलेली मुले घरी परततात. अमरावती जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची मुलगी अशीच सुटीत घरी आली होती. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ती शिकत असे. तिने आणलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांकडे तिचा सातवीतला भाऊ दुरूनच पाहत होता.

त्या पाहण्यात कौतुकापेक्षा भीतीच अधिक होती. एकदा वर्गात वाचताना एक लांबलचक इंग्रजी शब्द आला. मुलगा मध्येच अडखळला आणि सारा वर्ग हसला. विज्ञान आपल्यासाठी नाही, असे त्या दिवसापासून त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

सायंकाळी आबाजी शेतातून आले. त्यांच्या हातात कापसाचे एक बोंड होते. बाहेरून ते अगदी धड दिसत होते. पण फोडले तेव्हा आतली सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली आणि मध्ये एक गुलाबी अळी! 2017 साली याच गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची मोठी हानी केली होती. आबाजींचे शेतही तिच्या तावडीतून सुटले नव्हते. त्यांनी ते बोंड नातवापुढे धरले आणि म्हटले, “बापू, हे अळी ताईच्या कोण्या पुस्तकात भेटते, पायजो बरं.”

मुलाने पुस्तकांवरील नावे पाहिली. एन्टमॉलॉजी, प्लँट पॅथॉलॉजी, हॉर्टिकल्चर! त्याची मान खाली गेली. “एवढे लांब शब्द मला येत नाहीत,” तो पुटपुटला.

आबाजी बैलांसाठी ज्वारीचे धांडे तोडत बसले होते. एक धांडा उचलून ते हसत म्हणाले, “एवढा लांब धांडा बैल एकदम खाते काय? पेर-पेर तोडूनच टाका लागते. मंग शब्दाले कायले भ्यायचं?”

ताईला ते बोलणे फार आवडले. भावाजवळ बसून ती म्हणाली, “पहिल्या दोन नावांचे शेवटचे पेर बघ. दोन्हीकडे ‘लॉजी’च आहे. ते ‘लोगोस’ या ग्रीक शब्दावरून आले. लोगोस म्हणजे शब्द, विवेचन. म्हणून शब्दाच्या शेवटी ‘लॉजी’ दिसले की बहुधा एखादे शास्त्र समजावे. ‘पाथोस’ म्हणजे पीडा आणि ‘प्लँट’ म्हणजे वनस्पती. आता तूच सांग, प्लँट पॅथॉलॉजी म्हणजे काय?”

“वनस्पतींच्या रोगांचे शास्त्र!”

“आपण त्याला वनस्पतिरोगशास्त्र म्हणतो. हा शब्द काय कमी लांब आहे? पण त्याची पेरे तुझ्या ओळखीची आहेत, म्हणून तू त्याला भीत नाहीस.”

मग तिने एन्टमॉलॉजी हा शब्द घेतला. ‘एन्टोमॉन’ म्हणजे खाचा पडलेला. कीटकाचे शरीर डोके, वक्ष आणि पोट अशा भागांत विभागलेले दिसते, म्हणून ग्रीकांनी त्याला हे नाव दिले. इंग्रजीतला ‘इन्सेक्ट’ हा शब्दही त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. “म्हणजे किड्यालाही पेरेच!” मुलगा उद्गारला. अळीचे पुस्तक त्याला सापडले होते.

आता त्याला थांबवत नव्हते. ‘कल्चर’ म्हणजे मशागत, जोपासना, हे कळताच तो एकेक शब्द सोडवू लागला. लॅटिनमध्ये ‘हॉर्टस’ म्हणजे बाग, म्हणून हॉर्टिकल्चर हे बागायतीचे शास्त्र. ‘एपिस’ म्हणजे मधमाशी, म्हणून एपिकल्चर हे मधुमक्षिकापालन. ‘पिस्किस’ म्हणजे मासा, म्हणून पिसिकल्चर ही मत्स्यशेती. आणि ‘ॲगर’ म्हणजे शेत, म्हणून ॲग्रिकल्चर ही शेती.

ताई म्हणाली, “या ‘ॲगर’चा एक भाऊबंद ऋग्वेदात आहे. शेताला, मोकळ्या मैदानाला तिथे ‘अज्र’ म्हटले आहे. ज्यांच्या नावाचे आमचे विद्यापीठ आहे, त्या पंजाबरावांचा वेदांचा मोठा अभ्यास होता.”

डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म 1898 साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. विलायतेत ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहिला आणि पुढे 1952 ते 1962 या काळात ते भारताचे कृषिमंत्री होते. 1969 साली अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव लाभले. पापळच्या त्या मुलालाही परकी भाषा एकेक शब्द उलगडतच शिकावी लागली असेल.

कंदिलाच्या नव्हे, विजेच्या दिव्याखाली त्या रात्री पुस्तक उघडले गेले. ताई वाचून अर्थ सांगत होती. पतंगांची चाहूल घेण्यासाठी कामगंध सापळे लावावेत. हंगाम सरल्यावर पऱ्हाटी शेतात उभी ठेवून फरदड घेऊ नये, कारण तिच्या आश्रयाने अळी टिकून राहते. हे ऐकताच आबाजी म्हणाले, “फरदडीचं खरं आहे. म्या डोयानं पायलं.”

मुलगा क्षणभर स्तब्ध झाला. जे पुस्तकात छापले होते, तेच आबाजींनी शेतात पाहिले होते. त्यांना अळी ठाऊक होती, पण तिच्या शास्त्राचे नाव ठाऊक नव्हते. आणि नुसते नाव पाठ करणाऱ्याला अळी ओळखता आली नसती. शब्द उलगडला की त्याच्या मागची वस्तू पाहावीशी वाटते, आणि खरे शिक्षण तिथूनच सुरू होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबाजी शेताकडे निघाले, तेव्हा किडकी बोंडे वेचून आणण्यासाठी टोपली घेऊन नातू त्यांच्या आधीच दारात उभा होता.